वडनेरच्या बांधावरचं कृष्णविवर

"ऐन थंडीत वर्ध्याला? आणि तेही व्याख्यानाला? घरी काही कामं नाहीत का तुम्हाला?" असं आमच्या सोसायटीतल्या एकीने निघताना विचारलं होतं. मी तिला फटकन सांगितलं, बाई गं, पुण्यात माझ्या व्याख्यानाला माणसं येतात ती पंख्याखाली डुलकी काढायला. कृष्णविवरांवर ऐकायला कुणी आपणहून बोलावत असेल तर मी वर्ध्याच्याही पुढे जाईन. परत आल्यापासून ती जिन्यात भेटली की "कसा झाला प्रवास?" विचारते. मी "छान" म्हणून पुढे सटकते. छान कसला डोंबलाचा! तो कसा झाला ते सगळं इथेच लिहून टाकते. ज्यांनी वर्धा जिल्हा पाहिला नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांनी पाहिला आहे त्यांनी मला चार शिव्या घालायला हरकत नाही.

आधी माझं सांगते. मी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर पेपरच्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून लिहिते. माझा आवडता विषय लहान कृष्णविवरं. सेलूचे राऊत सर तिथल्या व्याख्यानमालेचे चिटणीस. त्यांनी माझा एक लेख वाचून फोन केला, "मॅडम, आमच्या जिल्ह्यात या विषयाची लई हवा आहे जी. तुम्ही याच." मला गुदगुल्या झाल्या. कृष्णविवराची हवा, आणि तीही वर्धा जिल्ह्यात! आपल्याला कशासाठी बोलावतायत हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

सावंगी (मेघे)

माझी भाची पूर्वा सावंगीला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या खोलीवरच उतरले. सकाळी ती मला तर्री-पोहे खायला घेऊन गेली. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं भुरभुरतात आणि लिंबू मागितलं तर अर्धी फोड देतात. इथे पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओतला आणि वर विचारलं, "अजून तर्री टाकू का, बाई?" आजूबाजूला पांढरे कोट घातलेली मुलं-मुली उभ्याउभ्या खात होती, एकमेकांना पेशंटबद्दल सांगत होती. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी पूर्वा हसत सुटली.

खाता खाता तिने विचारलं, "मावशी, तुझं ते लहान कृष्णविवर म्हणजे नक्की काय गं? एका वाक्यात सांग." एका वाक्यात! मी म्हटलं, एखादा अख्खा डोंगर घे. तो दाबत दाबत अणूच्या गाभ्यातल्या एका कणाएवढा केलास की झालं लहान कृष्णविवर. वजन डोंगराचं, तोंड कणाचं. लोकांना वाटतं कृष्णविवर म्हणजे बकासुर, जमिनीत शिरलं की पृथ्वी गिळून टाकेल. कसली गिळते! तोंड एवढंसं, वेग बंदुकीच्या गोळीच्या शेकडो पट. पृथ्वीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाईल, वाटेत धड चार घासही मिळायचे नाहीत. शिवाय ते तापलेलं असतं. जितकं लहान तितकं तापट. उष्णता बाहेर टाकत झिजतं, झिजलं की आणखी तापतं, आणि शेवटी झगझगाट करून संपतं.

"आजीसारखं," पूर्वा म्हणाली.

"माणसाच्या अंगातून गेलं तर?" तिनेच पुढे विचारलं.

हाच प्रश्न मी त्या लेखात घेतला होता. फार जड असेल तर त्याच्या ओढीने आतल्या मांसाला हिसका बसेल, गोळी लागल्यासारखी इजा होईल. हलकं असेल तर कळणारही नाही. मुळात असं एकही कृष्णविवर आजवर कुणी पाहिलेलं नाही. ती आहेत की नाहीत, हेच ठाऊक नाही. पण संपादक म्हणाले होते, वाचकाला डोळ्यांपुढे दिसलं पाहिजे. म्हणून मी एक वाक्य घातलं, "कातडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी भाजल्याची खूण, बस्स."

पूर्वाने हातातली प्लेट खाली ठेवली. "तुला ते माहीत नाही? मला वाटलं राऊत सरांनी सांगितलं असेल."

तिने मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. स्वतःचं चॅनल चालवणारा कुणीतरी शेतात उभा राहून सांगत होता, की वडनेरजवळच्या एका शेतात सिद्धार्थ नावाचा मजूर सकाळी मेलेला सापडला. आकाशात ढग नाही, वीज नाही, शेतात खांब नाही. अंगावर फक्त दोन बारीक भाजलेल्या खुणा. मग पडद्यावर जमिनीतलं एक छोटं भोक आलं. त्यावर त्याने खर्ज लावून माझं वाक्य वाचलं, ज्वारीच्या दाण्यासकट. शेवटी, "पुण्याच्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी हे आधीच लिहून ठेवलं होतं!"

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

"खुणा कुठे होत्या?" मी विचारलं.

"एक तळहातावर, एक तळपायावर. मावशी, हे करंटचं आहे. हातातून शिरला, पायातून जमिनीत गेला. हे तर आम्हाला शिकवतातच. इकडे रानडुकरांसाठी लोक पिकाभोवती तार लावतात. झटका मशीनची लावली तर नुसता झटका बसतो, कुणी मरत नाही. काहीजण सरळ लाइनवर टाकतात. मग डुक्कर मरतं, आणि कधीकधी माणूस."

मी राऊत सरांना फोन लावला आणि त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ जी. लोक काहीबी बोलते. तुम्ही आपलं परवा व्याख्यान करा अन् मोकळ्या व्हा. वडनेरले कशाला जाता?"

त्यांनी असं म्हटल्यावर मी जाणारच होते.

वडनेर

हिंगणघाटपर्यंत एसटी आणि पुढे खच्चून भरलेली जीप. त्याबद्दल काही लिहीत नाही, हाडं अजून बोलतात. दोन्हीकडे फुटलेला कापूस, शेंगा धरलेली तूर, आणि मधे काळीभोर माती. ओली असली की ही माती पाहुण्याला सोडत नाही म्हणतात. ते खरं आहे, पुढे सांगते.

रस्त्यावरच्या पानठेल्यावर "सिद्धार्थचं घर" विचारलं. एकाने नुसता हात केला. घर दोन खोल्यांचं, बाहेर सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी सिद्धार्थचा फोटो. हार अजून सुकायचा होता. त्याची बायको वंदना कापूस वेचून नुकतीच आली होती. तिशीची असेल. मी नाव सांगितलं तशी ती मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"तुमीच का त्या? ज्वारीच्या दाण्यावाल्या?"

उभ्या जन्मात मला कुणी असं नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, मीच. पण मी तुमच्याबद्दल लिहिलं नव्हतं. तुमच्या नवऱ्याला कृष्णविवराने मारलेलं नाही."

"थे मले माहीत हाय," ती म्हणाली. "बसा."

आमच्याकडे दुःखाच्या घरात महिना होईपर्यंत पाहुण्याने पाणी घेतलं तरी लोकांच्या भुवया वर जातात. इथे वंदनाने चूल पेटवली. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाली, "काऊन नको? त्याहीचं पुण्यानुमोदन झालं, दिवस सरले. आता आल्यागेल्याले उपाशी धाडलं तर त्याहीलेच वाईट वाटन." पाटवडीचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकरी. पहिला तुकडा मोडताना त्या ज्वारीकडे माझ्याने बघवेना. पण खाल्लं, आणि पोटभर खाल्लं. भूक निर्लज्ज असते.

जेवता जेवता तिने सगळं सांगितलं. सिद्धार्थ एका मोठ्या शेतमालकाकडे सालाने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, कामाला होता. पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला गेला तो आलाच नाही. तपासणीच्या कागदात करंट लिहिलं आहे. "पर शेतात ना तार, ना खांब. मंग करंट आला कुठून? म्हणून थे मालकाकडचे लोक म्हणते, वरून आला. तुमचं नाव सांगते. पुण्याच्या म्याडमनं लिवलं म्हणते."

"तार कुणी पाहिली का?"

"नामदेवभाऊनं पाह्यली. संगं काम करते. त्याहीनंच पयले यांना पाह्यलं. थे मदतीले लोक बोलवाले गावात गेले, अन् लोक घेऊन येतवर तार गायब."

आम्ही शेताकडे गेलो. वाटेत पाणी दिलेल्या वाफ्यात माझा पाय घोट्यापर्यंत रुतला, चप्पल आतच राहिली आणि मी लंगडी घालत उभी. वंदनाने कोपरापर्यंत हात घालून ती उपसून काढली, पाटाच्या पाण्यात धुतली आणि माझ्यापुढे ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बांधावर व्हिडिओतलं भोक होतं. अंगठा जाईल एवढं. मी खाली बसून पाहिलं. मग सवयीने त्याच्या आजूबाजूला पाहिलं. जरा पलीकडे गवताखाली दुसरं भोक. तेवढ्याच अंतरावर तिसरं. बांध वळत होता तशी भोकंही वळत होती, थेट रस्त्याकडच्या विजेच्या लाइनपर्यंत. उपटलेल्या खुंट्यांची भोकं होती ती! खुंट्यांना तार बांधली होती, आणि तार उचलताना खुंट्याही उपटून नेल्या होत्या. सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने येणारं कृष्णविवर बांध बघून वळत नसतं. त्या चॅनलवाल्याने एकाच भोकाचं चित्र घेतलं होतं, बाकीच्यांवर पाय देऊन. मी सगळ्यांचे फोटो काढले. रागाच्या भरात चालता चालताच काढल्याने अर्धे हललेले आले.

तेवढ्यात नामदेव आला. चाळिशीचा, खांद्यावर दुपट्टा, नजर सारखी रस्त्याकडे.

"तार होती ना?" मी विचारलं.

"होती. म्या डोयानं पाह्यली."

"मग बयान द्या."

तो वंदनाकडे बघून म्हणाला, "वहिनी, मी नाई म्हणत नाई. पर मालक साऱ्या गावाले सांगून राह्यला की हे सायन्सनं झालं, पुण्याच्या म्याडमनं लिवलं. मी एकटा उठून तार म्हणीन तं मले येडा ठरवतीन, अन् काम बी जाईन." मग माझ्याकडे वळला. "म्याडम, तुमीच चार लोकांत सांगा, असं होतच नाई म्हणून. तुमी तोंडानं म्हटलं का मी त्याच दिवशी ठाण्यात जातो. शप्पथ."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "परवा सेलूला या. छातीठोक सांगते. हे कृष्णविवराने झालेलं नाही, होऊच शकत नाही."

वंदना तेव्हा पहिल्यांदा हसली. निघताना तिने मला पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या.

सेलू

सेलूचं सभागृह शाळेचं, आणि खच्चून भरलेलं. राऊत सरांनी शाल, श्रीफळ, वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा, सगळं यथासांग केलं आणि माझी अशी काही ओळख करून दिली की ती बाई कोण हे मलाच कळेना. तिसऱ्या ओळीत वंदना बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. शेजारी नामदेव. वडनेरहून सेलूला यायचं म्हणजे दोघांचीही दिवसाची मजुरी बुडवून, गाड्या बदलत.

स्वतःच्या तोंडाने सांगते, व्याख्यान उत्तम झालं. डोंगर आणि कणाची गोष्ट लोकांनी श्वास रोखून ऐकली. कृष्णविवराला खाता का येत नाही यावर एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "म्हंजे आमच्या सुनेसारखं, वजन लई अन् जेवण नाई!" सगळे हसले. मग मी बांधावरच्या भोकांचे फोटो पडद्यावर लावले. मी म्हटलं, "कृष्णविवर अशी ओळ धरून जात नाही. अशी ओळ माणूस लावतो." नामदेवने खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि ताठ बसला. मला वाटलं, जिंकलो.

मग प्रश्न. पांढऱ्या शर्टातला एक माणूस उठला. तो त्या शेतमालकाचा भाचा आहे आणि वकील आहे, हे मला नंतर कळलं. बोलणं लोण्यासारखं.

"मॅडम, फार सुंदर बोललात. माझा एकच छोटा प्रश्न. तुम्ही शास्त्रज्ञ आहात, फिरवून सांगणार नाही याची खात्री आहे. असं लहान ब्लॅक होल माणसाच्या अंगातून जाण्याची शक्यता शून्य आहे का? हो की नाही?"

वाचकहो, इथे "हो" म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. पण चाळीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट शिकवली, की मोजल्याशिवाय शून्य म्हणायचं नाही. ज्याने पेपरात शून्य लिहिलं त्याचे मी मार्क कापले. आमच्या धंद्यात शून्य म्हणजे जवळजवळ शिवीच. माझ्या तोंडाने मला न विचारताच उत्तर दिलं.

"काटेकोर बोलायचं तर शून्य म्हणता येत नाही, पण..."

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला आणि टाळ्या वाजवत खाली बसला. त्याच्या भोवतीच्यांनीही टाळ्या वाजवल्या. माझं "पण" चालूच होतं. मी सांगत होते की सगळ्या मानवजातीने विश्वाच्या वयाइतकी वर्षं वाट पाहिली तरी हे घडायचं नाही. की हातातून शिरून पायातून निघणं हे विजेचं काम आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला. राऊत सर घाईघाईने आभार मानायला उठले. मी बोलतच होते आणि माइक त्यांच्या हातात होता.

चहा येईपर्यंत ते अर्धं वाक्य लोकांच्या मोबाइलवर फिरत होतं. "शून्य म्हणता येत नाही." बरोबर "पण"च्या आधी कापलेलं.

मी धावत बाहेर आले. नामदेव फाटकाशी पोचला होता.

"नामदेवभाऊ, थांबा! तार होती. हे होऊ शकत नाही. आत्ता सांगते, हवं तर परत माइकवर जाऊन सांगते!"

तो थांबला. रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. "म्याडम, वडनेरले बसून तुमी नाई म्हणाल्या. इथं शून्य नाई म्हणाल्या. मालकापुढं मी कोनतं सांगू?"

"दोन्हींचा अर्थ एकच आहे हो!"

"तुमच्यासाठी असन. मले पोरंबाळं हाय." आणि तो स्टँडकडे चालायला लागला.

मागून राऊत सर आले, "मॅडम, तुम्ही बरोबरच बोलल्या जी. एकदम सायंटिफिक." त्या क्षणी तो गोरसपाकाचा डबा मी त्यांच्या डोक्यात घातला असता. पण खरी चीड त्यांची नव्हती, त्या वकिलाचीही नव्हती. तो त्याचं काम करत होता. चीड माझीच आली होती. त्या सभागृहात विज्ञान कुणी विचारतच नव्हतं. विचारत होते की तार होती का. आणि मी उठून पेपर तपासत बसले.

वंदना पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. माफी मागायला शब्द जुळवत होते, तर तीच बोलली.

"तुमी पुढं बोलल्या थे सारं आयकलं म्या. समजलं बी. पर नामदेवभाऊ तवापर्यंत उठून गेलते."

"मी ठाण्यात येते तुमच्याबरोबर. लेखी देते."

"तुमी काय पाह्यलं? भोकं पाह्यली. तार नामदेवभाऊनं पाह्यली." ती उठली, साडी झटकली. "मले गाडी पकडाची हाय. उद्या वेचणी हाय."

तरी मी दुसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या पोलीस ठाण्यात गेलेच. फोटो दिले, म्हणणं लिहून दिलं. साहेब सज्जन होते. सगळं ऐकून घेतलं, मग स्वतःच्या मोबाइलवर ती क्लिप दाखवून म्हणाले, "बाई, पण तुम्हीच तर..." हललेले फोटो त्यांनी फाइलला लावून घेतले. तिथून मी वंदनाला फोन केला. ती शेतात होती, मागे बायकांचा आवाज येत होता.

"म्याडम, पुण्याले जाऊन लिवाल ना? तुमी लिवताच."

"लिहीन."

"मंग त्यात नाई लिवजा. निस्तं नाई. पुढं काई नका लिवू."

म्हणून हे प्रवासवर्णन. नाहीतर तर्री-पोह्यांवर लिहून कुणाचं पोट भरलंय? तुरीच्या शेंगा मी घरी येऊन मीठ घालून उकडल्या, आणि न खाताच शेजारणीला देऊन टाकल्या. ती म्हणाली, विदर्भातल्या शेंगांना काय गोडी असते हो!

वंदनाने सांगितलं तेवढंच लिहिते. वडनेरच्या त्या बांधावर आकाशातून काही पडलेलं नाही. सिद्धार्थच्या अंगातून कृष्णविवर गेलेलं नाही. शक्यता शून्य. तिथे तार होती, तारेत करंट होता, आणि सकाळी ती तार माणसांनी उचलून नेली.

"शक्यता शून्य" लिहिल्यावर माझ्या हाताने पुढे आपोआप स्वल्पविराम दिला होता. तो खोडला आहे. नामदेव पेपर वाचत नाही, हे मला माहीत आहे.